घरी पाहिलेले चित्रपट: दोष चित्रपटाचा की पाहण्याच्या रीतीचा?

आपण अलीकडे घरी पाहिलेल्या सहा जुन्या-नव्या चित्रपटांबद्दल मते कळवली आहेत. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ भव्य पण कंटाळवाणा, ‘१२ अँग्री मेन’ म्हणजे कॅमेऱ्यासमोर केलेले नाटक, ‘टोकियो स्टोरी’ असह्य संथ, ‘संत तुकाराम’मधला अभिनय नाटकी, ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा जागचा हलत नाही आणि ‘टेनेट’मधले निम्मे संवाद कळतच नाहीत, अशी ती मते आहेत. हा दोष चित्रपटांचा, काळाचा की आपला, असा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे. मी चित्रपट संकलनाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम करतो आणि कोणता शॉट किती वेळ पडद्यावर राहावा हाच माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो. माझ्या मते यांतल्या काही तक्रारी चित्रपटाविषयी नाहीतच, त्या चित्रपट घरात जसा दिसला आणि जसा ऐकू आला त्याविषयी आहेत. त्या बाजूला काढल्यावर जी मते उरतात ती खरी मते, आणि त्यांतली एक-दोन मला पूर्णपणे मान्य आहेत.

सुरुवात ‘टेनेट’पासून करतो, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात. चित्रपटगृहासाठी केलेल्या ध्वनिमिश्रणात संवाद बहुतेक वेळा पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतो, तर संगीत आणि इतर आवाज डावी-उजवीकडून आणि प्रेक्षकांच्या भोवतालून येतात. आवाज वेगवेगळ्या दिशांनी येत असल्यामुळे कानाला ते सहज निवडता येतात. घरच्या टीव्हीला मात्र दोनच छोटे स्पीकर असतात आणि तेही बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात. पाच वाहिन्या आणि एक खर्जाची वाहिनी अशा सहा वाहिन्यांचा ध्वनी त्या दोघांवर उतरवला की ज्या जागेवरून स्फोट ऐकू येतो त्याच जागेवरून कुजबुजही येते. दुसरी अडचण पातळीची आहे. चित्रपटगृहात मिश्रण करताना प्रत्येक मुख्य वाहिनीसाठी ८५ डेसिबलची संदर्भपातळी धरली जाते; घरात तेवढ्या मोठ्या आवाजात कोणी ऐकत नाही. सगळा आवाज खाली आणला की मोठे आवाज सुसह्य होतात, पण हळू बोललेले वाक्य पंख्याच्या आणि रहदारीच्या आवाजाखाली बुडून जाते. मग आपण आवाज वाढवतो, तेवढ्यात पाठलाग सुरू होतो आणि पुन्हा कमी करावा लागतो. रिमोटशी चालणारी ही झटापट ज्यांनी अनुभवली नाही असा घरचा प्रेक्षक आज विरळाच.

यावर उपाय अगदी साधे आहेत, पण ते फारसे कोणी करून पाहत नाही. घरात सहा वाहिन्यांची स्पीकरव्यवस्था नसेल तर ध्वनीच्या यादीतून ५.१ (म्हणजे वर सांगितलेल्या सहा वाहिन्या) ऐवजी स्टीरिओ हा पर्याय निवडावा. तो उपलब्ध असेल तर दोन स्पीकरसाठी मुद्दाम तयार केलेले मिश्रण मिळण्याची शक्यता असते आणि उपकरणाला स्वतःच्या हिशेबाने सहाचे दोन करावे लागत नाहीत. बहुतेक टीव्हींत रात्री ऐकण्यासाठीचा एक पर्याय असतो. तो मोठे आणि लहान आवाज एकमेकांच्या जवळ आणतो. चांगले हेडफोन लावले तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. हे सगळे करूनही ‘टेनेट’मधले काही संवाद आपल्याला कळणार नाहीत, आणि इथे मी आपल्या बाजूचा आहे. २०२० साली हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्यांनीही हीच तक्रार केली होती. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रित झालेला संवाद शक्यतो तसाच ठेवतात, नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेणे टाळतात, आणि मिश्रणात संवादाला कायम सर्वांच्या वर ठेवलेच पाहिजे असे मानत नाहीत. ही त्यांची कलात्मक निवड आहे. मात्र ज्या कथेत काळाच्या उलट्या प्रवासाचे नियम पात्रांच्या तोंडूनच समजावून सांगितले जातात, तिथे ते शब्द आवाजात बुडवणे ही मला चुकीची निवड वाटते. प्रेक्षकाला न कळलेले आणि प्रेक्षकापासून हेतूने लपवलेले यांत फरक राहिला पाहिजे, आणि तो इथे राहत नाही.

आता चित्राकडे येऊ. आपण ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ किती अंतरावरून पाहिला हे कळवलेले नाही, पण ते महत्त्वाचे आहे. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर असते. पडद्याने आपल्या नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा असे धरले तर सव्वादोन मीटरवर बसावे लागते. लोक बहुधा चार मीटरवर, भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसतात. तिथून तो कोन १७ अंशांवर येतो आणि तो टीव्ही हातातल्या मोठ्या फोनपेक्षाही डोळ्यांना लहान पडतो. टीव्ही मोठा असल्याचे समाधान असते, चित्र मात्र लहान असते. त्यातच हा चित्रपट रुंद चौकटीचा असल्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन उंचीचा जवळपास पाचवा भाग जातो. त्या पट्ट्या नकोशा वाटून चित्र ताणण्याचे किंवा मोठे करण्याचे बटण कृपया दाबू नये. तसे केल्याने कडेला उभा असलेला माणूसच दृश्याबाहेर जातो.

हे सगळे त्यातल्या विहिरीच्या प्रसंगाला कसे लागू पडते ते पाहा. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या वाळवंटातल्या विहिरीपाशी थांबलेले आहेत. दूर क्षितिजावर, तापलेल्या हवेच्या थरथरीत, काहीतरी हलते आहे असा भास होतो. तो आधी एक ठिपका असतो, मग उभी काळी रेघ होते, मग ती रेघ पाण्यावर तरंगल्यासारखी वाटते आणि बऱ्याच वेळाने तो उंटावरचा स्वार आहे हे लक्षात येते. छायालेखक फ्रेडी यंग यांनी हा शॉट ४८२ मिलिमीटरच्या लांब, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या, लेन्सने टिपला आहे. संगीत जवळजवळ नाहीच. येणारा मित्र की शत्रू हे लॉरेन्सला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. वाटाड्याला मात्र काहीतरी कळलेले आहे आणि त्याचा हात पिस्तुलाकडे जातो. या प्रसंगाचा ताण पूर्णपणे त्या ठिपक्यावर उभा आहे. ठिपकाच दिसला नाही तर दोन माणसे रिकाम्या वाळवंटाकडे पाहत उभी आहेत एवढेच दिसते, आणि मग प्रेक्षकाने ‘कंटाळवाणा’ म्हटले तर त्याला दोष कसा देणार? १९६२ साली हा चित्रपट ज्या पडद्यांसाठी बनवला गेला त्यांवर तो ठिपका शोधता येत होता. घरी तो पाहायचा असेल तर खोलीत अंधार करून, टीव्हीच्या खूप जवळ बसून पाहावा. आणखी एक गोष्ट म्हणजे त्याला मधे मध्यंतर आहे. एका बैठकीत जमत नसेल तर तिथेच थांबावे आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहावा. जेवणाची वेळ झाली म्हणून कुठेही तोडू नये. इतके करूनही उत्तरार्ध सैल वाटला तर ते मत टिकणारे आहे. मलाही उत्तरार्धातला राजकारणाचा भाग पूर्वार्धाइतका घट्ट बांधलेला वाटत नाही.

संकलक म्हणून त्याच चित्रपटातल्या एका कटबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लॉरेन्स हातातली जळती काडी फुंकर मारून विझवतो आणि त्याच क्षणी पडद्यावर सूर्योदयापूर्वीचे लालसर क्षितिज येते. पटकथेत इथे एक दृश्य दुसऱ्यात हळूहळू विरघळणार होते. कच्च्या जोडणीत तो परिणाम साधलेला नव्हता, त्यामुळे दोन तुकडे नुसते एकापुढे एक लावलेले होते, आणि संकलक ॲन कोट्स व दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी ते पाहिल्यावर सरळ कटच अधिक प्रभावी आहे हे ओळखले. फुंकरीचा आवाज आणि क्षितिजाची शांतता यांची सांगड त्या एका जोडावर अवलंबून आहे. टीव्हीच्या स्पीकरवर ती फुंकर नीट ऐकू आली नसेल, तर आपण जगातला एक अत्यंत नावाजलेला कट पाहिला आहे, पण तो आपल्याला मिळालेला नाही.

घरच्या टीव्हीत आणखी एक दोष कारखान्यातून निघतानाच घातलेला असतो आणि बहुतेकांना त्याची कल्पना नसते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. टीव्ही सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र ताजे करतो, आणि मधल्या जागा भरण्यासाठी तो दोन खऱ्या चौकटींच्या मधली खोटी चौकट स्वतः तयार करतो. परिणामी हालचाल अतिशय गुळगुळीत दिसते आणि पडद्यावरची माणसे मालिकेच्या सेटवर चालल्यासारखी वाटू लागतात. जुन्या चित्रपटांना याचा अधिक त्रास होतो. फिल्मवरचे रवे ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात यंत्र चेहऱ्यावरचे बारकावे पुसून टाकते आणि त्वचा मेणासारखी दिसते. वेगवेगळ्या कंपन्या या सोयीला मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस अशी नावे देतात. ती बंद करावी. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी प्रेक्षकांना हीच विनंती करणारी चित्रफीत प्रसिद्ध केली होती, आणि २०१९ मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ नावाची तयार मांडणी जाहीर झाली, जी निवडली की हे सगळे एकदम बंद होते. आपल्या टीव्हीत ती असेल तर चित्रपटांसाठी कायम तीच ठेवावी.

नवे चित्रपट फार अंधारे असतात ही तक्रार आपण केलेली नाही, पण ती इतकी ऐकू येते की दोन वाक्ये लिहितो. अंधार ही आजची खोड नाही. १९७२ च्या ‘द गॉडफादर’मध्ये गॉर्डन विलिस यांनी मार्लन ब्रँडोचे डोळे जाणूनबुजून सावलीत ठेवले होते. चित्रपटाच्या रंगछटा आणि उजेड शेवटी ठरवणारा, म्हणजे रंगसंस्कार करणारा, माणूस अंधाऱ्या खोलीत बसून काम करतो, त्यामुळे दुपारी खिडकी उघडी ठेवून पाहिले तर त्याने राखलेल्या गडद छटा काचेवरच्या प्रतिबिंबात हरवणारच.

आपण पाहिलेली प्रत कोणती होती हेही तपासायला हवे. जुन्या डीव्हीडींपैकी ज्या सेकंदाला २५ चौकटींच्या पद्धतीने केलेल्या असतात त्यांत २४ चौकटींचा चित्रपट चार टक्के वेगाने पळतो. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि सुधारणा केलेली नसेल तर सर्वांचे आवाज किंचित चढे येतात. मूकपटांचे हाल याहून वाईट झाले. ते अनेकदा सेकंदाला २४ हून कमी चौकटींनी टिपलेले असत, आणि पुढे ते २४ च्या वेगाने दाखवले गेल्यामुळे त्या काळची माणसे तुरुतुरु चालत असा गैरसमज पक्का झाला. काही वेळा तर दोन माणसे एकाच नावाचे दोन वेगळे चित्रपट पाहून वाद घालत असतात. ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये नायकाच्या निवेदनासह आला. १९९२ आणि २००७ च्या आवृत्त्यांत ते निवेदन नाही. ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली बहुतांश कृष्णधवल होता, आणि २००४ मध्ये तो पूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. मत देताना आपण कोणती आवृत्ती पाहिली एवढे सांगितले तरी निम्मे वाद होणार नाहीत.

आता मूळ मुद्दा, म्हणजे संथपणा. जुने चित्रपट संथ असतात या समजुतीला एक मोजता येण्यासारखा आधार आहे. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी दाखवल्याप्रमाणे १९३० ते १९६० या काळातल्या हॉलिवूडच्या चित्रपटांत एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकत असे. शतकाच्या अखेरीस ही सरासरी बहुतेक चित्रपटांत ३ ते ६ सेकंदांवर आली. नव्या लयीची सवय लागलेल्या डोळ्यांना जुन्या शॉटमध्ये कट यायला उशीर झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कट म्हणजे गती नव्हे. गती ही प्रेक्षकाला नवे काही कळण्याची असते. पाठलागाच्या दृश्यात पन्नास कट असूनही ‘तो पळतो आहे’ यापलीकडे काहीच कळत नसेल तर ते दृश्य थांबलेले आहे, मग ते कितीही खडखडाट करो. उलट दोन माणसे एकाच शॉटमध्ये बसलेली असताना त्यांच्यातले नाते बदलत असेल तर ते दृश्य वेगवान आहे. संकलनाच्या टेबलावर आम्ही एखादा शॉट कापतो तेव्हा घड्याळ पाहून कापत नाही. त्यातून कळण्याजोगे संपले की कापतो, किंवा कळले आहे आणि आता ते मनात उतरू द्यायचे आहे अशा वेळी मुद्दाम थोडे थांबतो.

‘टोकियो स्टोरी’ या दुसऱ्या प्रकारच्या थांबण्याचा उत्तम नमुना आहे. १९५३ च्या या चित्रपटात दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा कॅमेरा जमिनीलगत बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलतच नाही. सुरुवातीला म्हातारे नवरा-बायको मुलांकडे जाण्यासाठी सामान बांधत आहेत. हवेची उशी सापडत नाही. नवरा म्हणतो ती तुझ्याकडे दिली, बायको म्हणते माझ्याकडे नाही, आणि थोड्या वेळाने ती त्याच्याच सामानात सापडते. दरम्यान खिडकीबाहेरून जाणारी शेजारीण दोन शब्द बोलून जाते. आजचा निर्माता हा प्रसंग पहिल्याच जोडणीत काढायला सांगेल, कारण यात कथा पुढे सरकत नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारातली किरकोळ कुरबूर, तिच्यातला निवांतपणा आणि एकमेकांची सवय या दोन-तीन मिनिटांत आपल्या अंगवळणी पडते. पुढे मुले त्यांना समुद्रकाठच्या एका गोंगाटाच्या मुक्कामी पाठवून देतात. रात्री झोप लागत नाही. सकाळी दोघे धक्क्याच्या भिंतीवर बसलेले असतात. उठताना म्हातारीचा तोल जातो, तिला क्षणभर भोवळ येते, आणि नवरा म्हणतो की झोप झाली नाही म्हणून असेल. कॅमेरा जवळ जात नाही, संगीत इशारा देत नाही. ज्याने पाहिले त्याला या चित्रपटाचा उरलेला भाग कुठे चालला आहे हे तिथेच कळून चुकते. जो त्या वेळी हातातल्या फोनवर आलेला निरोप वाचत होता, त्याच्या दृष्टीने दोन म्हातारी माणसे भिंतीवर बसली आणि उठली. शेवटच्या प्रसंगात तीच शेजारीण त्याच खिडकीशी येते आणि आत आता एकटा म्हातारा बसलेला असतो. सुरुवातीचा प्रसंग कापला असता तर या शेवटाला काहीच वजन राहिले नसते. हा चित्रपट दीडपट वेगाने पाहू नये, कारण त्यातली माहिती वाक्यांत नाही. ती वाक्यांनंतरच्या थांब्यांत आहे आणि वेग वाढवला की आधी तेच थांबे नाहीसे होतात.

आपले ‘१२ अँग्री मेन’विषयीचे मत मला सर्वांत कमी पटले. १९५७ च्या या चित्रपटाचा मूळ आधार टेलिव्हिजनसाठी लिहिलेले नाट्य आहे आणि खटल्याच्या निकालावर चर्चा करणाऱ्या बारा ज्यूररांचा (निकाल देणाऱ्या पंचांचा) हा जवळजवळ सगळा चित्रपट एकाच खोलीत घडतो, एवढे खरे. पण नाटकाच्या प्रेक्षकाला जागेवरून उठवून दर अर्ध्या तासाने दुसऱ्या खुर्चीत बसवता येत नाही, आणि या चित्रपटात नेमके तेच घडते. दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी पहिल्या तृतीयांशात कॅमेरा नजरेच्या पातळीच्या वर ठेवला, मधल्या भागात नजरेच्या पातळीवर आणला आणि शेवटच्या भागात खाली उतरवला. त्याबरोबर लेन्सही लांब-लांब होत गेल्या. त्यामुळे सुरुवातीला खोली बऱ्यापैकी ऐसपैस वाटते, पुढे मागच्या भिंती माणसांच्या पाठीशी येऊन भिडतात आणि शेवटी वरचे छतही दिसू लागते. माणसे जागची फारशी हललेली नसतात, पण आपला श्वास कोंडतो. चर्चा तापत जाते तसे चेहऱ्यांचे जवळचे शॉट वाढतात. शेवटी बाहेर आल्यावर रुंद लेन्सचा शॉट येतो आणि मोकळी हवा आत आल्यासारखे वाटते. यातले काहीही रंगमंचावर करता येणार नाही. आपण एक प्रयोग करून पाहावा, जो आमच्या कामात नेहमीचा आहे: आवाज पूर्ण बंद करून सुरुवातीची दहा मिनिटे पाहावीत आणि लगेच शेवटच्या भागातली दहा मिनिटे पाहावीत. शब्द नाहीसे झाले की खोली कशी आक्रसली आहे ते स्पष्ट दिसते. या चित्रपटावर माझा आक्षेप आहे तो वेगळाच. अखेरपर्यंत अडून बसलेल्या ज्यूररच्या हट्टामागचे कारण त्याच्या मुलाच्या छायाचित्राच्या आधारे इतके अधोरेखित केले आहे की तोवर प्रेक्षकाने स्वतः जोडलेले धागे त्याच्या हातून काढून घेतल्यासारखे होते.

‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट असूनही आपल्याला जुन्यांच्या रांगेत बसवावासा वाटला, यातच त्याच्या लयीचे वेगळेपण आहे. आजच्या वेगाच्या काळात चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा दूर आणि स्थिर ठेवला, कारण त्यांना पात्रांपेक्षा ती सगळी यंत्रणा दाखवायची होती. न्यायाधीश साक्ष ऐकून ती स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, वकील कागद चाळतात, मागे आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारे लोक बसलेले असतात. एका शाहिरावरचा गंभीर आरोप आणि बाकावरची जांभई एकाच चौकटीत आहेत. दिग्दर्शकाने जवळचा शॉट घेतला असता तर कोणाकडे पाहायचे हे त्याने ठरवले असते. इथे ती जबाबदारी आपल्यावर आहे. म्हणूनच हा चित्रपट लहान पडद्यावर सर्वांत जास्त मार खातो. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या एका बाईचे प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकायलाच नकार देतात, तो प्रसंग किती सहज, आवाज न चढवता घडतो ते लक्ष देऊन पाहावे. मोठी सुटी लागते तेव्हा न्यायालयाच्या दालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. घरच्या प्रेक्षकाचा हात इथे हमखास रिमोटकडे जातो. चित्रपट त्यानंतरही चालू राहतो, आणि त्याचे सर्वांत कठोर म्हणणे त्या उरलेल्या भागातच आहे. आपण तो भाग पाहिला नसेल तर ‘कोर्ट’ आपण अजून पाहिलेला नाही.

‘संत तुकाराम’बद्दल थोडेसे. १९३६ च्या या प्रभातच्या चित्रपटातला अभिनय सरसकट नाटकी आहे असे म्हणताना एकाच चित्रपटात दोन-तीन वेगळ्या अभिनयपद्धती शेजारी-शेजारी आहेत हे निसटते. सालोमालोचे डोळे फिरवणे आणि हातवारे रंगमंचावरून आलेले आहेत, हे मान्य. विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात तेव्हा मात्र ते जवळजवळ काहीच ‘करत’ नाहीत. आणि गौरी यांनी उभी केलेली तुकोबांची बायको पाहा: तिची चाल, तिची कावलेली बोलणी, उपाशी पोरांची चिंता आणि नवऱ्याच्या विठ्ठलावरचा तिचा राग यांत रंगमंचाचा मागमूसही नाही. आजच्या वास्तववादी म्हणवणाऱ्या चित्रपटांतही इतकी बिनधास्त सहजता क्वचित सापडते. शिवाय त्या काळच्या ध्वनिमुद्रणात उंच स्वरांचे बारकावे मुळातच कमी पकडले जात, आणि प्रतीवरून प्रत काढताना ते आणखी झिजत गेले. आवाज चिरका आणि एकसुरी ऐकू आला की अभिनयही एकसुरी वाटतो. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची शक्य तितकी चांगली प्रत मिळवून पाहावी आणि सालोमालो व जिजाई यांच्याबद्दलचे मत वेगवेगळे नोंदवावे.

परभाषेतल्या चित्रपटांविषयी एवढेच सुचवतो की मूळ आवाज ठेवून उपशीर्षके लावावीत. उपशीर्षके वाचताना चेहरा थोडा सुटतो, हे नुकसान आहेच. पण डब केलेल्या आवाजात नटाचा श्वास आणि थांबा दोन्ही जातात, ते नुकसान त्याहून मोठे आहे.

यांतले काय पुन्हा पाहावे असे आपण विचारले नाही, तरी सांगतो. आधी टीव्हीची मांडणी बदलून ‘१२ अँग्री मेन’ पाहावा. तो ९६ मिनिटांचाच आहे आणि फरक लगेच कळतो. त्यानंतर ‘कोर्ट’, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आणि शेवटची श्रेयनामावली येईपर्यंत. ‘टोकियो स्टोरी’ लगेच पाहू नये, मधे काही महिने जाऊ द्यावेत. हवेच्या उशीचा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना तो सुरू होताच आपण सावरून बसाल. ‘लॉरेन्स’साठी मोठ्या पडद्यावरचा एखादा खेळ मिळाला तर तो चुकवू नये, नाहीतर सव्वादोन मीटरवर खुर्ची ओढून मध्यंतरापर्यंतचा भाग एका रात्री पाहावा. ‘टेनेट’ मात्र मन नसेल तर सोडून द्यावा, आणि पाहायचाच असेल तर उपशीर्षके लावून पाहावा.